लाल ट्यूब

“ह्ये काय गुंडाळायलास, श्रीपा?”

मी ट्रकखाली उताणा पडलो होतो. दातांत तांब्याची तार होती आणि हातात सायकलच्या लाल ट्यूबचा वीतभर तुकडा. आनंदा पुढच्या उजव्या चाकाशेजारी उकिडवा बसून आत डोकावत होता. दातांत तार असताना मला बोलता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि असा माणूस सापडला की त्याला भारी बोलायला सुचायचं. नवी नवरी आणायची आणि तिच्या तोंडावर गोणपाट टाकायचं, असलं काहीबाही तो बडबडत होता.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पाइप खरंच देखणे होते. त्या पावसाळ्यात आंबा घाटात त्याच्या दहाचाकीचा पॉवर स्टेअरिंगचा रबरी पाइप दोनदा फुटला होता. दुसऱ्या खेपेला तर ऐन वळणावर. तेल सगळं रस्त्यावर आणि स्टेअरिंग दगडागत जड. गाडीवर आनंदाचे दाजी होते म्हणून निभावलं, त्यांनी उभं राहून अंगाच्या जोरावर गाडी वळवली. त्यानंतर मीच आनंदाच्या मागे लागलो की आता रबर बास, स्टीलच्या जाळीचे पाइप घालू. आत तेलाची नळी आणि बाहेरून बारीक स्टीलच्या तारांची विणलेली जाळी. प्रेशर कितीही वाढू दे, फुगायचं नाव नाही. शिरोलीला जाऊन, माप देऊन, टोकांना नट दाबून मी ते करवून आणले. जाळीची तुटकी तार बोटात घुसून दोन दिवस ठणकत होती, पण पाइप बसवले, चाकं जॅकवर उचलली, नवं तेल भरलं आणि आनंदानं स्टेअरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरवून टाकीतले बुडबुडे घालवले, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एका बोटानं फिरतंय म्हणून त्यानं हाटेलातल्या दोघांना बोलावून दाखवलं.

तार दातांतून काढून मी त्याला आत बोलावलं. आला, शर्ट मळेल म्हणून कुरकुरत आला. मी त्याचं बोट धरून चासीच्या आतल्या बाजूला नेलं. तिथं आमचा जाळीचा पाइप एका काळ्या बारीक नळीला ओलांडून जात होता. दोन्हींत जेमतेम बोटभर जागा.

“ही नळी कसली?” मी विचारलं.

“पुढच्या ब्रेकची हवा.”

“आणि ही जाळी म्हणजे कानस समज. इंजिन हादरतंय, गाडी हादरतीया, ही तिच्यावर घासत ऱ्हाणार. आठवड्याभरात नळी कापून मोकळी. म्हणून ही ट्यूब. ट्यूब निघाली तर गाडी तुझ्या दारातनं बाहेर काढायची न्हाई. ध्यानात ऱ्हाईल?”

“ऱ्हाईल की. मी काय येडा हाय?”

ट्यूब माझ्याच जुन्या सायकलची होती. तिच्यावर दोन पंक्चरची ठिगळं होती, एक गोल आणि एक तिकोनी. तिकोनी ठिगळ मी शाळेत असताना लावलेलं. आनंदाला डबलसीट घेऊन मलकापूरच्या बाजाराला जाताना बाभळीचा काटा घुसला होता, त्याचं. मी ती जाळीवर दोन वेढे गुंडाळली आणि वर तार आवळली. चार पीळ, मग टोक दुमडून आत. तसली गाठ मी वडिलांकडून शिकलो, ते लोहारकाम करायचे. आमच्या भागातल्या गाड्यांखाली ती गाठ दिसली की लोक म्हणत, श्रीपती मिस्त्रीचा हात लागलाय. मला त्याचा गर्व होता. आता सांगायला लाज कसली, चांगलाच होता.

आनंदा आणि मी एकाच आळीतले. त्याचं घर खाड्यांचं, आमचं लोहाराचं, मध्ये एक विहीर. मला सख्खी बहीण नाही. आनंदाची धाकटी बहीण शेवंता मला कळत्या वयापासून भाऊबीजेला ओवाळायची. आधी आनंदाला, मग मला, एकाच तबकातून. तिचं लग्न ज्योतिरामशी झालं, तेच आमचे दाजी, तरी ते चुकलं नाही. दाजी आनंदाच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागले ते माझ्या सांगण्यावरून. शांत माणूस, गाडीला कधी शिवी दिली नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी शेवंता माणूस पाठवून सांगायची, “श्रीपादादाला म्हणावं, उपाशी ये.” एवढ्या एका निरोपासाठी माझी दिवाळी असायची. बायको चिडवायची, म्हणायची, माझ्या हातचं खाऊन पोट भरत नाही वाटतं.

त्या वर्षी खंडेनवमीला मी माझ्या गॅरेजातल्या पूजेत होतो. पाने, हातोड्या, जॅक, सगळं धुऊन पुसून मांडलेलं. आनंदाच्या दारची पूजा मला बघायला मिळाली नाही. लोकांकडून कळलं की त्यानं गाडी नव्या नवरदेवागत सजवली होती, आणि पुढचं चाक पुरं वळवून ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला आतले चकचकीत पाइप दिसावेत म्हणून. मी हसलो. आनंदा तसाच होता. शाळेत असताना नवी चड्डी घातली की वर्गात उगाच उभा राहायचा.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी हाटेलवाला पळत आला. आनंदाची गाडी घाटात डोंगराला धडकली होती. सिमेंट भरलेलं होतं. दाजी गाडीवर होते.

मी पोचलो तोवर दाजींना कोल्हापूरला हलवलं होतं. ट्रकची केबिन उजवीकडून चेपली होती, दारात रक्त होतं. उतारावर हवेचा काटा एकदम खाली आला, पुढचे ब्रेक गेले. मागच्या ब्रेकवर तेवढा भार आवरेना. दाजींनी दरीकडे जाऊ न देता गाडी डोंगराच्या अंगाला घातली. उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो कापला.

चार दिवसांनी ट्रक ओढून मलकापुरात पंपामागच्या पटांगणात आणून ठेवला. आसपासचे सात-आठ ड्रायव्हर जमले होते. मी खाली शिरलो. काळी नळी जिथं ओलांडून जात होती तिथंच कापली गेली होती, आणि कापलेल्या जागी जाळीची खूण अशी उमटली होती की शाळेतल्या पोरालाही कळावं. जाळीचा पाइप मात्र धड होता. लाल ट्यूब नव्हती. तारही नव्हती. मी हातानं चाचपून बघितलं, मग पुन्हा चाचपलं. बाहेर यायचा धीरच होईना मला.

बाहेर आलो तर सगळे माझ्याकडे बघत होते.

“ट्यूब?” मी आनंदाला विचारलं.

त्यानं मान खाली घातली. डोळे लाल झालेले, दाढी वाढलेली. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असा, पण अगदी सावकाश बोलला.

“कवा पडली मला बी कळलं न्हाई, श्रीपा. तार सैल ऱ्हायली असंल. माणसाकडनं ऱ्हातंय. मी तुला दोष देत न्हाई. कुणी बी श्रीपाला काय बोलायचं न्हाई, सांगून ठेवतो.”

आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. माझ्यामुळे दाजींचा पाय गेला आणि हा माणूस मला सांभाळून घेतोय, असं वाटून रडलो. एका ड्रायव्हरनं मला पाणी आणून दिलं. दुसरा म्हणाला की असला मित्र मिळायला नशीब लागतं.

गाठ सुटली कशी, हा एक प्रश्न मला सोडेना. चार पीळ, टोक दुमडून आत. ती गाठ कधी सुटली नव्हती. पण मग ट्यूब गेली कुठं? त्या दिवशी आनंदा बडबडत होता, माझं लक्ष उडालं असेल, तीनच पीळ दिले असतील. मी घरी तांब्याची तार घेऊन बसायचो, लोखंडी सळीवर ट्यूब बांधायचो आणि हिसके द्यायचो. सुटायची नाही. तेव्हा मी स्वतःलाच म्हणायचो, आता नीट बांधतोस शहाण्या, तेव्हा का नाही बांधलीस? आठ दिवसांत मला अगदी डोळ्यांपुढे दिसायला लागलं, की मी तार सैल बांधतोय. न घडलेली गोष्ट मला आठवायला लागली होती.

गॅरेजवर गाड्या येईनाशा झाल्या. कुणी तोंडावर बोललं नाही, आनंदानं सांगितलंच होतं ना. पण जो तो पुढच्या गावाला जायला लागला. दवाखान्यात मी दोनदा गेलो. दाजी मला बघून म्हणाले की स्टेअरिंग लोण्यागत होतं, त्याच्यामुळेच गाडी डोंगराकडे वळली, नाहीतर आज दरीत असतो. शेवंता पलंगाच्या पलीकडे उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मी तिचं नाव घेतलं तर ती भांडं विसळायला म्हणून निघून गेली. मी गॅरेजला कुलूप लावलं आणि ठरवलं की दुसऱ्याच्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही.

दिवाळी आली. दाजींना घरी सोडलं होतं, त्यांना चढउतार नको म्हणून दोघं आनंदाच्याच घरी होती. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी दिवसभर दारात बसलो. निरोप आला नाही. तो येणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी बसलो. बायकोनं दोन वेळा चहा आणून ठेवला.

तोवर मी एक काम केलं होतं. वडिलांची भट्टी पेटवून दाजींसाठी कुबडी केली होती. हलका पाइप घेतला, काखेच्या जागी वाकवून गोल केला, खाली चाकाच्या रबराची टाच बसवली. उंची दाजींच्या जुन्या सदऱ्या-लेंग्याच्या मापानं, आनंदाच्या आईला विचारून. फक्त हाताची मूठ राहिली होती. नुसतं लोखंड हाताला लागलं असतं, त्यावर काहीतरी मऊ हवं होतं. ते तिथंच बघू म्हणून मी भाऊबीजेच्या सकाळी कुबडी खांद्यावर टाकून विहिरीपलीकडे गेलो.

सोप्यात दाजी खाटेवर बसले होते. शेवंता आत होती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. ती बाहेर आली नाही. आनंदाची आई, मी तिला मावशी म्हणतो, परड्यात शेंगा निवडत होती. ती म्हातारी एक सुतळी टाकायची नाही. तुटक्या चपलेचा पट्टासुद्धा तिच्या पत्र्याच्या डब्यात जायचा. मी परड्यात जाऊन तिला म्हटलं, “मावशी, मुठीला गुंडाळायला रबराचा तुकडा असंल तर बघ की.”

“हाय की,” ती म्हणाली. गुडघे धरत उठली, आत गेली आणि डबा घेऊन आली. बटणं, दोऱ्या, एक फुटकी कंदिलाची चिमणी खालीवर करत तिनं तळातून काढून माझ्या हातात दिलं.

“ह्ये बग, झ्याक हाय. आनंदानं खंडेनवमीला गाडीचं काढून उकिरड्यावर टाकलेलं. म्हनला, चांगल्या पायपावर लाल चिंधी बरी दिसत न्हाई, फोटू काढायचाय. मी म्हनलं, कामाला येतंय, म्हून ठिवलं उचलून.”

लाल ट्यूब. एक ठिगळ गोल, एक तिकोनी. तांब्याची तार अजून तिच्यात अडकून होती. मी ती उलटी करून बघितली. माझी गाठ जशीच्या तशी होती, चारही पीळ, टोक दुमडून आत. तार गाठीच्या शेजारी पकडीनं कापली होती, सरळ, स्वच्छ.

मला काय वाटलं ते सांगतो. आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा आनंदच झाला, की गाठ सुटली नव्हती. मग मला त्या पटांगणातला खांद्यावरचा हात आठवला.

आनंदा विहिरीवरून कळशी घेऊन आला. त्यानं माझ्या हातात बघितलं आणि कळशी खाली ठेवली. मावशी शेंगा घेऊन आत गेली. आम्ही दोघंच उरलो.

“पूजा झाली की परत बांधणार हुतो,” तो म्हणाला. “देवाशप्पथ. दसऱ्याचं पावनं आलं, मग भाडं आलं, आनि डोक्यातनं गेलं.”

“पटांगणात म्हणालास, तार सैल ऱ्हायली असंल.”

त्यानं कळशी उगाच पायानं सरकवली.

“माझ्या खांद्यावर हात ठेवलास, आनंदा. मी रडलो तुझ्याफुडं.”

“हळू बोल,” तो म्हणाला. “शेवंता आत हाय. तिला सांगू नगंस, श्रीपा. तिला आता जल्मभर ह्याच घरात ऱ्हायचंय, पांगळ्या नवऱ्याला घिऊन. माझ्यावर राग धरून ती कुठं जाईल? तुझ्यावर धरला तर चालतंय.” मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “तू काय, झालं तरी परकाच की.”

माझा हात उठला होता. कुबडी होती हातात, लोखंडी. एक रट्टा बसला असता तर त्यालाही दुसरी करून द्यावी लागली असती. मी रागीट माणूस आहे, गॅरेजात पाना फेकून मारलेला आहे. पण तो म्हणाला त्यातली अर्धी गोष्ट खरी होती आणि तीच मला मारून गेली. शेवंताला दुसरं घर नव्हतं. मी खरं बोललो असतो तर माझं नाव परत आलं असतं आणि तिचा भाऊ गेला असता. दुसरा भाऊ होतो म्हणावं, तर मी परका आहे हे आत्ताच कळलं होतं.

मी पायरीवर बसलो. कापलेली तार काढून खिशात टाकली. लाल ट्यूब कुबडीच्या मुठीवर गुंडाळली, तिकोनी ठिगळ वर येईल अशी. खिशात माझी स्वतःची तार होती, ती आवळली. चार पीळ, टोक दुमडून आत. आनंदा उभा राहून बघत होता. मी मुद्दाम सावकाश बांधली.

सोप्यात जाऊन कुबडी दाजींना दिली. ते उभे राहिले, दोन पावलं टाकली, मूठ दाबून बघितली.

“हाताला मऊ लागतंय,” ते म्हणाले.

तेवढ्यात शेवंता दारात आली. दाजी उभे राहिलेले बघून तिचे डोळे भरले होते. अपघातानंतर पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

“ह्ये लाल रबर कुठलं, दादा?”

दादा म्हणाली. तोंडातून सवयीनं गेलं असेल. तिच्यामागे देव्हाऱ्यापुढे तबक मांडलेलं मला दिसत होतं. निरांजन, सुपारी, एका भावापुरतं. मला सांगायचं होतं. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते.

“आनंदाला विचार,” मी म्हणालो आणि चपला घालून निघालो.

मला वाटलं होतं, ती विचारेल. आज नाही तर उद्या विचारेल, आणि ती मूठ रोज डोळ्यांपुढे असताना तो किती दिवस गप्प राहील? वर्षभर मी वाट बघितली. पुढच्या दिवाळीला निरोप आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी गाव सोडलं आणि कराडला बायकोच्या मामाच्या वेल्डिंगच्या दुकानात लागलो. तिथं लोखंडी दारं केली, खिडक्या केल्या, गाडीखाली काही शिरलो नाही.

सहा वर्षांनी एका लग्नाला जाताना मलकापूरच्या स्टँडवर दाजी भेटले. कुबडी तीच होती, काखेचा गोल माझाच. दाजींनी मला ओळखलं, हात धरून बाकावर बसवलं. शेवंता बरी आहे म्हणाले, तिच्या मनातलं अजून गेलेलं नाही, तू मनावर घेऊ नको म्हणाले. मी मुठीकडे बघत होतो. तिच्यावर काळं, जाड, बाजारचं नवं रबर होतं.

“लाल ट्यूब हुती की हिच्यावर,” मी म्हणालो.

“ती व्हय?” दाजी हसले. “तू कुबडी दिऊन गेलास त्याच सांजंला आनंदानं काढली. पकडीनं तार कापली आनि म्हनला, चांगल्या कुबडीवर लाल चिंधी बरी दिसत न्हाई.”